घरात कुणाचं डायलिसिस सुरू असताना हात कसे जोडावेत

ह्यांना डायलिसिस लागून आता चार वर्षं होत आली. सोमवार, बुधवार, शुक्रवार अशा आठवड्याला तीन पाळ्या, प्रत्येक पाळी चार तासांची. मी फलटणला राहते, घरीच ब्लाऊज शिवते. गेल्या महिन्यात सेंटरच्या बाहेरच्या बाकावर एक नवीन बाई शेजारी येऊन बसली. तिच्या मिस्टरांची तिसरीच पाळी होती. बोलता बोलता म्हणाली, "ताई, तुम्ही अजून देवाला दिवा लावता? माझे तर हातच जोडले जात नाहीत."

तेव्हा तिला धड उत्तर देता आलं नाही. नुसता तिचा हात धरून बसले. घरी आल्यावर ते मनात घोळत राहिलं, म्हणून सवडीने लिहिते आहे.

भक्ती शिकवण्याइतका माझा अधिकार नाही. पण चार वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. श्रद्धा आपोआप मनात येईल, आभाराची भावना आपोआप दाटून येईल, अशी वाट बघत बसलं तर ती येत नाही. घरात आजारपण असलं की मन दमलेलंच असतं. जे काम रोज करावंच लागतं त्याच्या गळ्यात प्रार्थना बांधायची. मग मन नसलं तरी काम होतं, आणि कामाच्या मागून मनही हळूहळू येतं.

आधी रागाला वाट द्या

हे २२ वर्षं आळंदी ते पंढरपूर पायी गेले. गळ्यात तुळशीची माळ, वर्षाच्या चोवीस एकादश्या. साखर आणि बीपी दोन्ही होतं, आणि बीपीच्या गोळ्या "आता बरं वाटतंय" म्हणून मधे मधे सोडून दिलेल्या. २०२१ च्या पावसाळ्यात पाय सुजले, मग रात्री आडवं झालं की धाप लागायला लागली. रिपोर्टात क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळून टाकायचा रक्तातला कचरा, साडेनऊच्या वर. डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही किडन्या गेल्यात.

मी घरी आले आणि देव्हाऱ्याचं दार लावून घेतलं. इतकी वर्षं ह्यांनी तुझी वाट तुडवली, आणि त्यांच्याच वाट्याला हे? अकरा दिवस मी दिवा लावला नाही. सासूबाई एका शब्दाने बोलल्या नाहीत. संध्याकाळी भिंतीला धरून त्या स्वतः उठायच्या आणि वात लावायच्या.

तेव्हा पहिलं सांगणं हे, की हात जोडले जात नसतील तर जोडू नका. घरातल्या दुसऱ्या कुणालातरी दिवा लावू द्या. घराचा दिवा लागला, एवढं पुरतं. रागावलेल्या माणसाने देवाशी बोलणं सोडलेलं नसतं, तो नुसता वेगळ्या आवाजात बोलत असतो.

दुसरं सांगणं, आजाराचे आभार मानायच्या फंदात पडू नका. भेटायला येणारी माणसं म्हणतात, "यातही देवाने काहीतरी चांगलंच योजलं असेल." त्यांच्या मनात वाईट नसतं. पण चार तास जाड सुया टोचून घेऊन, पायात पेटके येऊन परतलेल्या माणसाला हे ऐकवू नये. मी पाहुण्यांना दारातच सांगते की आत गेल्यावर पावसापाण्याचं बोला, पिकाचं बोला. आणि हो, आजारी माणसाने आभार मानावेत असा हट्ट तर कधीच धरू नका. ते ज्याचं त्याने ठरवायचं.

बोटाखालची थरथर

सुरुवातीला डायलिसिससाठी ह्यांच्या मानेत नळी घातली होती. पुढे डाव्या मनगटाजवळ फिश्चुला केला. म्हणजे ऑपरेशन करून रोहिणी आणि नीला एकमेकींना जोडतात. रोहिणीतलं जोराचं रक्त नीलेत येतं, नीला फुगते, जाड होते, आणि काही आठवड्यांनी सुया घेण्याजोगी होते. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "काकू, इथे बोटं ठेवा." मी ठेवली. शिलाई मशीनचं पायडल दाबल्यावर लाकडी फळीतून हाताला जी थरथर लागते ना, अगदी तशी. कान लावला तर सूंऽऽ सूंऽऽ असा आवाज. "ही थरथर आहे तोवर रक्त वाहतंय. रोज बघायचं," सिस्टर म्हणाल्या.

त्या संध्याकाळी दिवा मी लावला. का लावला ते आजही नीट सांगता येणार नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच बोटाला काहीतरी लागलं होतं.

तेव्हापासूनचा माझा नेम असा. रात्रीच्या गोळ्या दिल्या की हात धुवायचे, ह्यांच्या शेजारी बसायचं, दोन बोटं मनगटावर ठेवायची आणि २१ वेळा विठ्ठलाचं नाव घ्यायचं. घाई करायची नाही. थरथर कालसारखीच आहे का, हात गरम किंवा लाल तर नाही ना, सूज तर नाही ना, हे त्या २१ नावांतच बघून होतं. हे डोळे मिटून पडलेले असतात. कधी त्यांचेही ओठ हलतात, कधी नाही.

दोन वर्षांपूर्वी एका शुक्रवारी मशीनवरच ह्यांचं बीपी उतरलं. घरी आल्यावर दोन उलट्या झाल्या. रात्री नऊला बोटं ठेवली आणि सात-आठ नावांतच मी थांबले. बोटाखाली काही नव्हतं. कान लावला, आवाज नाही. लगेच सेंटरला फोन केला, मुलाला बोलावलं, रात्रीच गाडी करून पुण्याला गेलो. गुठळी झाली होती. सकाळी ती काढली आणि फिश्चुला वाचला. उशीर झाला असता तर तो बंदच पडला असता, म्हणजे पुन्हा मानेत नळी आणि पुन्हा नवं ऑपरेशन. नामस्मरणाने गुठळी गेली असं मी म्हणणार नाही, ती सर्जननी काढली. पण नामस्मरणामुळे माझी बोटं रोज तिथे होती, म्हणून त्याच रात्री कळलं.

तुमच्या घरातला आजार वेगळा असेल. तरी असं एखादं काम असतंच. कुणाची साखर तपासायची असते, कुणाच्या पाठीला दर दोन तासांनी कूस बदलून तेल लावायचं असतं, कुणाला चमच्याने पेज भरवायची असते. त्यातलं एकच निवडा. सगळ्या कामांना प्रार्थना जोडायला गेलात तर आठवड्यात कंटाळा येईल.

आता फिश्चुलाच्या हाताचं सांगून टाकते, कारण श्रद्धेच्या भरात इथेच चूक होते. त्या हातावर बीपी घेऊ द्यायचं नाही, त्यातून रक्त काढू द्यायचं नाही, त्यावर झोपायचं नाही, जड पिशवी उचलायची नाही, घड्याळ घालायचं नाही आणि दोरा बांधायचा नाही. आमच्या एका पाहुण्याने जत्रेतून मंतरलेला दोरा आणला आणि प्रेमाने नेमका त्याच मनगटावर करकचून बांधला. मी त्यांच्यासमोरच सोडला, डोक्याला लावला आणि देव्हाऱ्यात ठेवला. "भाऊजी, इथे ठेवला तरी तो ह्यांचंच राखण करील," म्हटलं. त्यांना वाईट वाटलं नाही.

काढ्याचं मात्र मी सरळ नाही म्हणते. बंद पडलेली किडनी सुरू करणारा काढा म्हणून कुणी बाटली आणून दिली तर ती डॉक्टरांना दाखवल्याशिवाय उघडायची नाही. इथे कुणाचं मन राखू नका.

एकादशीचा प्रश्न

किडनी बंद पडली की पोटॅशियम रक्तात साचतं, आणि ते फार वाढलं तर हृदय थांबू शकतं. आहारतज्ज्ञ बाईंनी टाळायच्या पदार्थांची यादी दिली: बटाटा, रताळं, केळं, खजूर, शेंगदाणे, नारळपाणी. हे वाचत होते आणि त्यांचा चेहरा उतरत होता. म्हणाले, "अगं, ही तर एकादशीची यादी आहे."

खरंच होतं. तीस वर्षं ज्या पदार्थांवर त्यांनी व्रत केलं, तेच आता विषासारखे झाले. त्यात उपाशीही राहायचं नाही, कारण डायलिसिसच्या माणसाच्या अंगातली ताकद भराभर झडते. पहिली एकादशी त्यांनी माझ्या नकळत धरली. दुपारी चक्कर आली तेव्हा मला कळलं. त्यांना रागवायचा धीर झाला नाही. त्यांच्या दृष्टीने किडनीपेक्षा मोठं काहीतरी जात होतं.

मी दिंडीतल्या एका वयस्कर महाराजांना घरी बोलावलं. डॉक्टरांचं सांगणं, पाण्याचं माप, सगळं त्यांच्या कानावर घातलं. ह्यांना दिवसाला ८०० मिलिलिटर पाण्याची परवानगी आहे, त्यात चहा आला, ताक आलं, वरणातलं पाणीही आलं. महाराज बराच वेळ गप्प बसले. मग ह्यांच्या पायाला हात लावून म्हणाले, "माऊली, आम्ही निर्जळा एकादशी वर्षातून एकदा करतो. तुमची तर रोज चालू आहे. तुम्ही अन्न घ्या."

हे रडले. आजारपणात मी त्यांना रडताना पाहिलं ते तेवढंच.

आता आमची एकादशी अशी. नेहमीचं जेवण मापात. पोटॅशियम कमी व्हावं म्हणून भाजी बारीक चिरून कोमट पाण्यात दोन तास भिजवायची, ते पाणी फेकायचं, भरपूर पाण्यात उकडायची, तेही पाणी फेकायचं, मग फोडणी. तीर्थ पळीभर. प्रसादाचं केळं हातात घ्यायचं, कपाळाला लावायचं आणि नातीला द्यायचं. संध्याकाळी तासभर भजन. उपासाचा वेळ त्यांनी भजनाला दिला.

तुमच्या घरी नवस असेल, रोजा असेल, नवरात्राचा उपास असेल. जे व्रत औषधाच्या आड येतं ते परस्पर मोडायला लावू नका. त्याने माणूस आतून तुटतो. आजारी माणूस ज्याचा शब्द मानतो अशा वडीलधाऱ्याला गाठा, त्याला आजार नीट समजावून सांगा, आणि सुटका त्याच्या तोंडून येऊ द्या. डॉक्टरांच्या दहा वेळा सांगण्याने जे झालं नाही ते एका वाक्यात झालं, हे मी पाहिलंय.

मापाच्या वहीतला शेवटचा रकाना

माझ्याकडे गिऱ्हाइकांच्या मापाच्या वह्या असतात. छाती, कंबर, बाही, गळा. त्यातलीच एक कोरी वही ह्यांच्यासाठी घेतली. रकाने आखले: तारीख, पाळीच्या आधीचं वजन, नंतरचं वजन, बीपी. दोन पाळ्यांमध्ये अंगात किती पाणी साचलं ते वजनावरून कळतं, म्हणून ही नोंद लागतेच. शेवटी एक रकाना रिकामा उरला. त्यात मी एक नाव लिहायला लागले. त्या दिवशी ज्याने हातभार लावला त्याचं नाव आणि त्याने काय केलं, एवढंच.

एक ओळ दाखवते: "वजन ५८.४, नंतर ५६.२. बीपी १५०/९०. रिक्षावाला दादा, सेंटरची पायरी उतरताना ह्यांना कवेत धरलं." दुसरी: "टेक्निशियन पोरगी, सुई पहिल्याच खेपेला लावली." तिसरी: "शेजारच्या वहिनी, न विचारता पोळ्या लाटून दिल्या."

नाव आणि काम लिहा, भावना लिहू नका. "मी कृतज्ञ आहे" असं लिहिलं की चौथ्या दिवशी तेच वाक्य पोकळ वाटतं. "पायरी उतरताना कवेत धरलं" हे कधी पोकळ होत नाही. आणि ज्या दिवशी कुणीच काही केलं नाही, त्या दिवशी "काही नाही" असं लिहा. माझ्या वहीत अशा नोंदी भरपूर आहेत. मागच्या उन्हाळ्यात तर सलग नऊ दिवस "काही नाही" आहे. ती पानं मी फाडली नाहीत. त्यांच्यामुळेच बाकीची पानं खरी वाटतात.

महिन्यातून एकदा वही उघडते आणि त्यातल्या एकाला समोर जाऊन सांगते. "तुम्ही त्या दिवशी हे केलंत, माझ्या लक्षात आहे." त्या टेक्निशियन पोरीला मी उरलेल्या खणांची एक लांबट उशी शिवून दिली, पेशंटच्या हाताखाली ठेवायला. आता सेंटरला माझ्या सहा उशा आहेत. मीही काहीतरी देऊ शकते, हे मला त्या उशांनी शिकवलं. आजारी माणसाच्या घरातली बाई कायम घेणारीच होऊन बसते, आणि नुसतं घेत राहिलं की आभारही ओझं वाटायला लागतात.

एक गोष्ट मात्र आभाराच्या रकान्यात घालू नका, ती म्हणजे हक्काची. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. रेशनकार्ड, आधारकार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. एसटीत डायलिसिसच्या पेशंटला प्रवासाची सवलत आहे, आगारात विचारा. सुरुवातीचे दोन महिने आम्ही एका ठिकाणी रोख पैसे भरले, योजनेचं कुणी सांगितलंच नाही. माझे दोन डाग मोडले. तेव्हा विचारायचं सोडून मी देवाला साकडं घालत बसले होते.

काय मागायचं

हे सगळ्यात अवघड आहे आणि यावर माझं मन अजून पुरतं बसलेलं नाही.

मी किडनी द्यायला तयार होते, पण तपासणीत मलाही साखर निघाली. मग पुण्याच्या विभागीय अवयव प्रत्यारोपण समितीकडे ह्यांचं नाव प्रतीक्षायादीत घातलं. मेंदू मृत झालेल्या माणसाच्या घरच्यांनी परवानगी दिली तर ती किडनी यादीप्रमाणे कुणालातरी मिळते. पहिले काही महिने मी रोज म्हणायचे, "विठ्ठला, ह्यांना किडनी मिळू दे." एका संध्याकाळी हमरस्त्याला अपघात झाल्याचं कानावर आलं, आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. त्या रात्री माझ्याने नाव घेववलं नाही.

तेव्हापासून मी किडनी मागत नाही. कुणाच्या घरावर वीज कोसळली तर त्यांना त्या घटकेला धीर दे, एवढंच मागते. आणि अवयवदानाचा अर्ज मी स्वतः भरला, मुलाला आणि सुनेला समोर बसवून सांगितलं. अर्ज कितीही भरला तरी शेवटी घरच्यांनाच होकार द्यावा लागतो, म्हणून हे बोलून ठेवणं महत्त्वाचं. जे आपल्याला मागायला जड जातं ते आधी आपण देऊन टाकावं, मग मागणं तोंडातून निघतं. निदान माझं तरी निघालं.

उद्या, परवा, पुढची पाच वर्षं असं काही मागू नका. मी पुढच्या पाळीपुरतं मागते. सुई नीट लागू दे, बीपी उतरू नये, घरी येऊन दोन घास जेवू देत.

पालखी

आषाढात माउलींची पालखी लोणंद, तरडगाव करत फलटणला येते आणि मुक्काम करते. हे वारी करायचे तेव्हा त्या रात्री घरी जेवायला यायचे, ती आमची दिवाळी. डायलिसिस लागलं त्यानंतरच्या पालखीला त्यांनी दार लावून घेतलं, टाळांचा आवाजही नको झाला. मी आग्रह केला नाही.

गेल्या वर्षी सकाळीच म्हणाले, "खुर्ची बाहेर टाक." दारापुढे टेबल मांडलं, दोन मोठे हंडे भरले, स्टीलचे पेले ठेवले. हे खुर्चीवर बसून उजव्या हाताने पेले भरून देत होते. डावा हात मांडीवर, माझ्या उशीवर. त्यांची स्वतःची खुणा केलेली बाटली खुर्चीच्या पायाशी होती, दुपारी चारला तिच्यात ३०० मिलिलिटर उरलं होतं. ऊन होतं. त्यांचे ओठ सुकलेले मला दिसत होते. मधेच ते गार पाण्याने चूळ भरायचे, थुंकायचे आणि पुढचा पेला भरायचे.

टेक्निशियन पोरीने एकदा मला हिशोब सांगितला होता. मशीनमध्ये मिनिटाला अर्धा लिटर शुद्ध पाणी फिरतं, चार तासांचं १२० लिटर. घोटाघोटाने पिणाऱ्या ह्या माणसाचं रक्त धुवायला एका पाळीला १२० लिटर पाणी लागतं. दारातले हंडे बघून मला ते आठवलं, आणि त्या पोरीने, त्या मशीनने, त्या पाण्याने चार वर्षं काय केलंय ते एकदम डोळ्यांपुढे उभं राहिलं.

डोक्यावर तुळस घेतलेली एक म्हातारी थांबली. दोन पेले पाणी प्याली. ह्यांच्या हाताच्या फुगलेल्या शिरेकडे बघून तिने काही विचारलं नाही. वाकून पाया पडली, हे खुर्चीवरून वाकून तिच्या पाया पडले, आणि ती "रामकृष्णहरी" म्हणत पुढे गेली. रात्री वहीत त्या रकान्यात मी "तुळशीवाली आजी" लिहिलं. नाव विचारायचं राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी पाळी होती, साडेसहाला निघायचं होतं. मी ह्यांच्या गोळ्या काढल्या, हात धुतले आणि शेजारी बसले.